शंभरातले एकसष्ट

त्या दिवशी माझ्या सुईवर एक अर्धवट टोपी होती. राखाडी लोकर, ४ मिलिमीटरची क्रोशेची सुई, माथ्याचा घेर पूर्ण झालेला, कानांपर्यंत उतरायचं तेवढं राहिलेलं. ६ फेब्रुवारी २०२३. तुर्कस्तान आणि सीरियाच्या सीमाभागात पहाटे सव्वाचारच्या सुमारास ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला होता, आणि लोक ढिगारे उपसत असतानाच नऊ तासांनी ७.५ चा दुसरा. फोनवर येणाऱ्या दृश्यांत माझी नजर एकाच गोष्टीवर अडकत होती. झोपेतून उठून पळालेली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी थंडीत उभी होती. कुणाच्या पायात काही नाही, कुणाच्या डोक्यावर काही नाही. आणि माझ्या हातात टोपी.

आमचा पाच जणींचा गट आहे. एकमेकींना नमुने पाठवायचे, अडलेला टाका विचारायचा, थोडीफार विक्री करायची, असा. त्या रात्री मी गटावर लिहिलं, ‘टोप्या विणून पाठवू या का?’ दहा मिनिटांत चौघींचे होकार आले. काकूंनी तर, त्या आमच्यात सगळ्यांत मोठ्या, विचारलंसुद्धा, ‘लहान मुलांच्या किती आणि मोठ्यांच्या किती?’

दुसऱ्या दिवशी हे मी उत्साहाने एका मैत्रिणीला सांगितलं. ती विणकामातली नव्हे, पण एका पुरानंतर मदत छावणीच्या कोठारात तीन आठवडे राबलेली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “अगं, टोपी सुरेखच होईल तुझी. पण ती तिथे उतरवून घेणार कोण?”

मग तिने कोठारातले दिवस सांगितले. मदतीच्या गाठोड्यांचा डोंगर दारात येऊन पडायचा. एकेक गाठोडं सोडायचं, ओलं झालेलं बाजूला काढायचं, मुलांचं-बायकांचं-पुरुषांचं वेगळं करायचं, आकार बघून लावायचं. अर्ध्याहून जास्त कपडे कुणाला देण्याजोगे नसायचे. एका पायाचेच बूट निघायचे. त्यात काही गाठोडी खरोखर मायेने भरलेली असायची, इस्त्री करून, वर चिठ्ठी ठेवून. “तीही त्याच ढिगात जायची,” ती म्हणाली, “आणि शेजारी औषधांची खोकी उतरवायला माणूस नसायचा.”

मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. पण नंतर जे जे वाचलं ते तिच्याच बाजूचं निघालं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावरच्या गावांत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत पडले होते. मदतीच्या क्षेत्रातली माणसं न मागता आलेल्या अशा वस्तूंना ‘दुसरी आपत्ती’ म्हणतात. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या वेळी तर आमच्यासारख्याच बायकांनी जगभरातून पोरक्या कांगारू-पिल्लांसाठी पिशव्या विणून-शिवून पाठवल्या. गरज खरी होती, पिशव्याही खऱ्याच उपयोगाच्या होत्या, पण काही दिवसांतच ‘आता पुरे, पाठवू नका’ असं सांगायची वेळ तिथल्या लोकांवर आली.

पैसे पोचले तर ब्लँकेट जवळच्या न पडलेल्या शहरातून त्याच दिवशी घेता येतं. माप बरोबर, हवामानाला योग्य, आणि वर तिथल्या दुकानदाराचंही दुकान चालतं. हे पटायला मला दोन दिवस लागले. डोक्याला लगेच पटलं होतं. हाताला पटत नव्हतं. आपण विणलेलं ऊबदार काहीतरी एका थंड डोक्यावर बसावं, ही इच्छा सोडणं सोपं नव्हतं मला.

शेवटी ठरलं: टोप्या विणायच्या, इथे ओळखीच्या आणि अनोळखी लोकांना विकायच्या, पैसे पाठवायचे. साठ टोप्या. प्रत्येकीच्या वाट्याला बारा.

पहिलीच अडचण नमुन्याची आली. आम्हाला जी टोपी करायची होती तिचा नमुना एका परदेशी डिझायनरचा होता आणि त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की तयार वस्तू विकायची तर आधी परवानगी घ्यावी. दान करायचंय म्हणून कोण विचारतंय, असं एकीचं म्हणणं. मी मेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं, खुशाल विका, फक्त माझं नाव द्या. एका मेलचं काम होतं. दुसऱ्या बाईची मेहनत न विचारता वापरून तिसऱ्याला मदत करायची, हे मला तरी बरोबर वाटत नाही.

दुसरी गोष्ट पोस्टरची. काकूंनी हाताने सुंदर पोस्टर काढलं. मध्ये टोपी, भोवती लोकरीचा धागा फिरत गेलेला, आणि कोपऱ्यात लाल क्रॉस. त्यांच्या मनात टोपीच्या घडीवरही तोच लाल क्रॉस विणायचा होता, म्हणजे घेणाऱ्याला कळेल कशासाठी आहे ते. गटातल्या एकीने विचारलं, हे चिन्ह आपल्याला चालतं का? मी शोधलं, आणि चालत नाही. १८५९ साली सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी उघड्यावर पडलेले आँरी द्युनां या स्विस माणसाने पाहिले, त्यातून १८६३ मध्ये रेड क्रॉसची सुरुवात झाली, आणि १८६४ च्या जिनिव्हा करारात पांढऱ्यावर लाल क्रॉस हे युद्धातल्या वैद्यकीय सेवेचं संरक्षणचिन्ह ठरलं. त्याचा अर्थ एकच, यांच्यावर शस्त्र चालवू नका. ते टोप्यांवर, मगांवर, पोस्टरवर कुणीही छापू लागलं तर ज्या क्षणी ते बघून बंदूक खाली व्हायला हवी त्या क्षणी त्याचं वजन उरणार नाही. म्हणून कायद्यानेच त्याला संरक्षण आहे.

काकूंना हे सांगायला मी बिचकत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं झालं गं विचारलंत.” त्याच रात्री त्यांनी नवा कागद घेतला. नव्या पोस्टरमध्ये नुसती टोपी आणि धागा होता, आणि मला तेच जास्त आवडलं.

ज्या संस्थेला पैसे द्यायचे तिच्या नावाचंही असंच असतं. बोधचिन्ह वापरायचं तर परवानगी लागते. बऱ्याच मोठ्या संस्थांच्या संकेतस्थळावर ‘आमच्यासाठी निधी गोळा करायचा असेल तर’ असं वेगळं पान असतं, त्यात काय लिहावं, काय लिहू नये हे दिलेलं असतं. आम्ही ते पान विक्री सुरू व्हायच्या आदल्या रात्री वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती. पोस्टरवर एक ओळ होती: ‘विक्रीची सगळी रक्कम भूकंपग्रस्तांना.’ ती मी लिहिली होती. लिहिताना क्षणभरही थांबले नव्हते.

पहिल्या तीन दिवसांत वीस टोप्या गेल्या. चौथ्या दिवशी एका अनोळखी बाईंचा निरोप आला. भाषा सभ्य होती, टोचणारी अजिबात नव्हती. ‘सगळी म्हणजे लोकरीचे आणि टपालाचे पैसे तुम्ही स्वतः घालताय का? विचारते कारण मीही भरतकाम विकते आणि मला जमलं नव्हतं.’

मी हिशोब मांडला. त्याआधी मांडलाच नव्हता. एका टोपीच्या किमतीतल्या दर शंभरात लोकर बावीस. पाकीट, लेबल आणि टपाल मिळून चौदा. पैसे स्वीकारणाऱ्या ऑनलाइन सेवेची कपात तीन. एकूण एकोणचाळीस. उरतात एकसष्ट. म्हणजे ‘सगळी’ द्यायची तर दर शंभरामागे एकोणचाळीस आमच्या पदरचे. मला, काकूंना आणि आणखी एकीला ते पेलणारं होतं. चौथीने लोकर घरातल्या शिल्लक गुंड्यांतून काढली होती.

पाचवीचं मात्र घर विणकामावर चालतं. हे आम्हाला माहीत होतं, तरी लक्षात आलं नव्हतं, आणि ती बोललीही नव्हती. मी फोन केला तेव्हा तिने आधी टाळाटाळ केली, मग हळू आवाजात म्हणाली, “ताई, बारापैकी चार झाल्यात. पुढच्या लोकरीसाठी बाळाच्या स्वेटरची एक ऑर्डर होती, तिचे पैसे आगाऊ घेतलेत.” म्हणजे दुसऱ्याच्या स्वेटरच्या आगाऊ पैशांतून ती भूकंपग्रस्तांसाठी लोकर आणत होती, आणि तो स्वेटर मागे पडत होता. “सगळ्या देतायत, मी एकटी कशी म्हणू?” हेही म्हणाली.

मला त्या फोननंतर बराच वेळ काही करवलं नाही. ती ओळ मी लिहिली होती. लिहिताना ती उदार वाटली होती, पण तिचा भार कुणावर पडणार हे पाहिलंच नव्हतं.

त्या रात्री गटावर लांबलचक चर्चा झाली. एकीला वाटत होतं की आता बोललो ते बोललो, माघार घेतली तर लोक काय म्हणतील. काकूंनी वाट काढली. ज्या वीस टोप्या ‘सगळी रक्कम’ या शब्दावर विकल्या गेल्या त्यांची सगळी रक्कम जाणार. त्यांचा खर्च ज्यांना परवडतो त्या तिघींनी वाटून घ्यायचा. पुढच्या चाळीस टोप्यांसाठी ओळ बदलायची. आणि बदलली आहे हे लपवायचं नाही.

नवी ओळ अशी होती: ‘दर शंभरातले एकसष्ट मदतकार्याला. बाकी एकोणचाळीस लोकर, टपाल आणि ऑनलाइन कपात यांचे. विणण्याची मजुरी आम्ही घेतलेली नाही.’ खाली पहिल्या वीस टोप्यांचं काय ठरलं तेही लिहिलं. प्रश्न विचारणाऱ्या बाईंना मी वेगळा निरोप पाठवून आभार मानले.

विक्री पडेल अशी धास्ती होती. पडली नाही. उलट लोक आकड्याबद्दल बोलू लागले. दोघा-तिघांनी विचारलं, ‘मजुरी का घेत नाही?’ एका टोपीला साधारण चार तास लागतात, साठ टोप्यांचे दोनशे चाळीस तास. ते तास आम्ही दिले, पण ज्या बाईचं पोट यावर आहे तिने मजुरी धरली असती आणि आकडा चाळीस लिहिला असता तरी तो तितकाच स्वच्छ ठरला असता. आज मी नवीन कुणालाही हेच सांगते. ‘उत्पन्नाचा काही भाग’ असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. ‘नफ्यातून’ असंही नको, कारण नफा कसा काढलात ते घेणाऱ्याला दिसत नाही. आकडा लिहा. लहान असला तरी लिहा.

विणकामाच्या बाजूनेही एक चूक झाली. राखाडी लोकर संपली म्हणून मी त्याच कंपनीचे, त्याच क्रमांकाचे आणखी पाच गुंडे मागवले. दिव्याखाली काही फरक दिसला नाही. एक टोपी अर्धी जुन्या, अर्धी नव्या गुंड्याची झाली, आणि सकाळी उजेडात बघते तर कानाच्या वर सरळ एक रेघ. वरचा भाग पावसाळी ढगासारखा, खालचा किंचित निळसर. वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाशेजारी डाय लॉटचा वेगळा क्रमांक असतो, म्हणजे कुठल्या घाण्यात रंगवली तो. तो जुळवायचा असतो हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. घाईत पाहिला नाही. एक क्षण मनात आलं, दानाची टोपी आहे, घेणारा समजून घेईल. मग उसवायला बसले. चांगल्या कामासाठी विकतोय म्हणून काम उणं असलेलं चालेल, ही सवलत स्वतःला दिली तर घेणारा दुसऱ्यांदा येत नाही, आणि त्याने का यावं? उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लडी करून कोमट पाण्यात भिजवली, वाळत टाकली, परत गुंडाळली. त्यात आणखी दोन दिवस गेले.

मुलांच्या टोप्यांना अस्वलाचे कान आणि प्लास्टिकचे डोळे लावायचं ठरलं होतं. तेही बदललं. ओढून निघालेला मणी लहान मूल तोंडात घालतं. डोळे काळ्या धाग्याने भरले.

पैशांचं आणखी एक प्रकरण झालं. आठवड्याभरात एकदम बरेच व्यवहार आल्याने ऑनलाइन सेवेने आमचं खातं तपासणीसाठी थांबवलं. पैसे दिसत होते, काढता येत नव्हते. बारा दिवस. लोक विचारत होते, पाठवलेत का? आम्ही रोज खरं तेच लिहिलं: अडकलेत, कागद दिलेत, वाट बघतोय. ज्यांना अशी विक्री करायची आहे त्यांनी सुरू करण्यापूर्वीच त्या सेवेला कळवावं, आणि रोजच्या धंद्याचं खातं यात मिसळू नये. आमच्या पाचवीचं रोजचं खातं वेगळं होतं म्हणून तिचं घर तरी चाललं.

कुणाला द्यायचे, यावर आम्ही फार वाद घातला नाही. तिथे आधीपासून काम करणारी, खर्चाचा अहवाल उघड ठेवणारी संस्था हवी, एवढं एकमत होतं. अडलं ते वेगळ्याच जागी. दानाच्या पानावर दोन पर्याय होते: फक्त या भूकंपासाठी, किंवा जिथे गरज असेल तिथे. २००५ च्या जानेवारीत, त्सुनामीला जेमतेम आठवडा झाला असताना, ‘मेदसां सां फ्राँतिएर’ या डॉक्टरांच्या संस्थेने जाहीर केलं होतं की त्सुनामीसाठी आमच्याकडे पुरेसे पैसे जमले, आता यासाठी पाठवू नका. आलेल्या जादा रकमेबद्दल त्यांनी देणगीदारांना विचारलं की दुसऱ्या संकटांत वापरू का, आणि बहुतेकांनी होकार दिला. हे वाचल्यापासून मला दुसरा पर्याय जास्त शहाणपणाचा वाटतो. पण आम्ही लोकांना भूकंपाचं नाव सांगून टोप्या विकल्या होत्या. म्हणून पहिल्याच पर्यायावर खूण केली.

पावती माझ्या नावाने आली. ती बघून काकूंनी विचारलं, “याची करसवलत तू घेणार का?” नियम जागोजागी वेगळे असतात, पण मला कायद्यापेक्षा दुसरं खटकत होतं. पैसे टोप्या घेणाऱ्यांचे होते. त्यांनी वस्तू विकत घेतली, त्यामुळे त्यांना पावती मिळत नाही, आणि मी केवळ बटण दाबलं म्हणून मला मिळते. सवलत घ्यायची नाही असं ठरवलं. एकूण विक्री, खर्चाची प्रत्येक बाब, पाठवलेली रक्कम हे एका पानावर मांडून पावतीच्या छायाचित्रासह सगळ्या साठ जणांना पाठवलं. खाते क्रमांक आणि पत्ता झाकून.

तोवर मार्च उजाडला होता. मृतांचा आकडा पन्नास हजारांच्या पुढे गेला होता आणि बातम्यांतून भूकंप मागे पडला होता. तंबूंतली माणसं तंबूंतच होती.

उन्हाळ्यात आम्ही दुसरी फेरी केली, या वेळी वेगळ्या पद्धतीने. पैसे आमच्याकडे आलेच नाहीत. घेणाऱ्याने स्वतः संस्थेला थेट दान करायचं, पावतीवरचं नाव आणि रक्कम सोडून बाकी झाकून आम्हाला दाखवायची, आम्ही वस्तू पाठवायची. पावती ज्याची त्याच्या नावे, ऑनलाइन कपात आमच्या वाट्याला नाही, खातं अडकायचा प्रश्न नाही. लोकर आणि टपालाचा खर्च मात्र पूर्ण आमचा, म्हणून आधीच ठरवलं की ज्यांना परवडतं त्याच विणतील, आणि टोप्यांऐवजी लहान वस्तू करू: पुस्तकखुणा, किल्लीची गोंडेदार साखळी. काहींना ही पद्धत किचकट वाटली. कुणाला तरी आपली पावती दाखवायची हे अवघड वाटतं, ते मला समजतं. पहिल्या फेरीच्या मानाने माणसं निम्मीच आली. पण आलेल्यांतल्या तिघी-चौघींनी वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट दान केलं होतं. टोपीपुरतं मोजायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

पाचवीने दुसऱ्या फेरीत विणलं नाही. तिने नमुने लिहून दिले, आणि पाकिटांवरचे पत्ते तिच्या सुंदर अक्षरात घातले. बाळाचा तो स्वेटर तिने फेब्रुवारीतच पूर्ण केला होता, ठरल्या तारखेच्या एक दिवस आधी. त्याचं छायाचित्र तिने मला एकटीला पाठवलं होतं: पिवळा, समोर चार गुंड्या, बाह्यांना साखळीची वेलबुट्टी.

ती पहिली राखाडी टोपी, भूकंपाच्या दिवशी सुईवर असलेली, साठांत नव्हती. ती पूर्ण करायला मला नोव्हेंबर लागला. शेवटच्या फेरीचे खांब घालून धागा कापला, टोक आत ओवलं. ती विकायला ठेवली तेव्हा खाली लिहिलं: दर शंभरातले एकसष्ट.